दार न फोडता

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, एवढंच माझं शिक्षण. त्यामुळे आज मी मेंदूतल्या गाठीबद्दल आणि पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पुड्यांबद्दल बोलणार, असं म्हटल्यावर तुम्हाला नवल वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही वाटलं असतं. पण काही विषय आपण निवडत नाही. ते आपल्या घरात येऊन बसतात.

माझ्या थोरल्या भावाचं, भाईजानचं, सोलापुरात रद्दीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथं बसायचो, सुतळीनं गठ्ठे बांधायचो. आमच्या घरात बोलणं दखनीत. मराठी कविता आमच्याकडे आली ती किलोच्या भावानं. मुखपृष्ठ फाटलेले दिवाळी अंक, वाचनालयाचा शिक्का असलेले कवितासंग्रह मी गठ्ठ्यातून बाजूला काढायचो आणि भाईजान वजनातून तेवढं कमी धरायचे. उरलेला कागद वाण्याकडे जायचा आणि तिथं त्याच्या पुड्या व्हायच्या. हळदीची पुडी, शेंगदाण्याची पुडी, फुटाण्याची पुडी.

भाईजान सातवीपर्यंत शिकलेले. पण रद्दी वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ‘रद्दी घराचं सगळं सांगते,’ असं ते म्हणायचे. औषधांची रिकामी खोकी वाढली की म्हणायचे, त्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं एकदम विकायला आली की म्हणायचे, पोरगा तरी लागला, नाहीतर पोरानं नाद तरी सोडला. त्या घरांचा उंबरा त्यांनी कधी ओलांडलेला नसायचा. आणि ऐकलेलं, वाचलेलं त्यांनी बाहेर कुणाला कधी सांगितलं नाही.

2022 च्या पावसाळ्यात भाईजानचे शब्द चुकायला लागले. ‘काटा’ म्हणायचं असायचं आणि तोंडातून यायचं ‘कात्री’. सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं, एकदोनदा उलटी झाली. आम्ही म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, पित्त असेल. मग एक दिवस सुतळीची गाठ त्यांना मारता येईना. उजवा हात ऐकत नव्हता. त्याच रात्री झटका आला. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ दिसली.

आम्ही त्यांना मुंबईला एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. तिथले सर्जन तरुण होते, नीट समजावून सांगणारे. ते म्हणाले, ‘चाचा, फोटोत गाठ दिसते, पण ती नेमकी कोणत्या जातीची आहे ते फोटो सांगत नाही. त्यासाठी कवटी उघडून तुकडा काढावा लागेल. जमेल तेवढी गाठही त्याच वेळी काढू.’

भाईजान शब्द जुळवत सावकाश म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, मी दार न फोडता आत कोण राहतं ते सांगतो. नुसत्या रद्दीवरून. तुम्हाला नाही का सांगता येत?’

डॉक्टर हसले. मग जरा थांबून म्हणाले, ‘चाचा, जगभर त्याच्यावरच काम चाललंय. पण अजून तुमच्याइतका तरबेज रद्दीवाला आमच्याकडे नाही.’

मला वाटलं, पेशंटला बरं वाटावं म्हणून बोलले. पण ते खरंच सांगत होते. पुढे दवाखान्याच्या बाकावर बसून काढलेल्या दिवसांत मी त्यांना विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी स्वतःभोवतीच्या पातळ आवरणाच्या बारीक बारीक पुड्या बांधून बाहेर सोडत असते. शास्त्रीय मराठीत त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणता येईल. त्यांतल्या सगळ्यात लहान पुड्यांना एक्सोसोम म्हणतात. त्यांचा आकार साधारण 30 ते 150 नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा हजारभर पुड्या शेजारी शेजारी मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत.

गंमत अशी, की या पुड्यांनाही शास्त्रज्ञांनी सुरुवातीला कचराच समजलं होतं. 1967 साली इंग्लंडमध्ये पीटर वुल्फ या संशोधकाला रक्तद्रवात रक्तबिंबिकांपासून निघालेले अतिसूक्ष्म कण आढळले. त्यानं त्यांना नाव दिलं, ‘बिंबिकांची धूळ’. 1983 मध्ये अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत, दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिसलं, की तांबड्या पेशी वयात येताना नको झालेली प्रथिनं अशा पुड्यांत बांधून बाहेर टाकतात. कॅनडात हे काम मेंढीच्या रक्तावर झालं. ते करणाऱ्या रोझ जॉनस्टोन यांनीच पुढे 1987 मध्ये ‘एक्सोसोम’ हा शब्द रूढ केला. पण बराच काळ समज हाच होता, की पेशी आपलं घर झाडते आणि केर बाहेर टाकते.

हा समज हळूहळू बदलला. 1996 मध्ये दिसलं, की रोगाशी लढणाऱ्या पेशी या पुड्यांतून एकमेकींना सावध करू शकतात. 2007 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की या पुड्यांच्या आत आरएनए असतो, म्हणजे पेशीच्या कारभाराच्या लिखित सूचना. एका पेशीनं सोडलेली पुडी दुसरी पेशी उघडते आणि आतल्या सूचनेप्रमाणे वागूही लागते. कचरा म्हणून ज्याकडे बघितलं, ती टपाल निघाली.

हे वाचताना मला वाण्याची पुडी आठवली. लहानपणी शेंगदाणे संपले की मी पुडी उलगडून कागदावरचा मजकूर वाचायचो. पुडीत माल असतो आणि पुडीवर अक्षरंही असतात. पेशीच्या पुडीचं तसंच आहे. आत माल, आणि ती कोणत्या घरातून आली याची खूण आवरणावर.

आता मेंदूकडे येऊ. भाईजानच्या गाठीचं नाव निघालं ग्लायोब्लास्टोमा. मोठ्या माणसांत मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी सगळ्यात जास्त आढळणारा हाच. ही गाठ सुपारीसारखी गोल, सुटी नसते. तिची मुळं आसपासच्या निरोगी मेंदूत पसरलेली असतात, म्हणून ती पूर्ण काढता येत नाही. शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, ज्याला आमच्याकडे ‘शेक देणं’ म्हणतात, आणि त्यासोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, असा उपचार 2005 पासून जगभर रूढ आहे. ज्या मोठ्या चाचणीवरून तो रूढ झाला, तिच्यात नुसत्या रेडिएशनवर रुग्णांचं मध्यमान आयुष्य 12.1 महिने होतं, गोळ्या जोडल्यावर ते 14.6 महिने झालं. अडीच महिन्यांची ही वाढ मोठी की छोटी, हे ज्याच्या घरी असा माणूस आहे त्यालाच विचारावं.

मेंदू हे शरीरातलं सगळ्यात बंदिस्त घर. कवटी तर आहेच, शिवाय मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात, की रक्तातल्या बहुतेक औषधांना आत शिरता येत नाही. पण पेशींच्या या पुड्या आतून बाहेर रक्तात येतात, असं दिसून आलं आहे. 2008 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन इथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जोहान स्कोग, झँड्रा ब्रेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांच्या रक्तातून अशा पुड्या वेगळ्या केल्या आणि उघडून वाचल्या. काही ग्लायोब्लास्टोमा गाठींत वाढीचा निरोप घेणाऱ्या एका प्रथिनाचं मोडकं रूप असतं. दाराची घंटा दाबलेलीच राहावी आणि घरातल्यांनी सारखं दार उघडायला धावावं, तसं हे प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ सांगत राहतं. त्या मोडक्या प्रथिनाची सूचना 25 पैकी 7 रुग्णांच्या रक्तातल्या पुड्यांत सापडली. कवटीला हात न लावता, हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातून.

25 पैकी 7. परीक्षेच्या हिशेबानं नापासच. पण बंद घरातला कागद बाहेर येतो आणि तो वाचता येतो, हे त्यातून सिद्ध झालं. 2015 मध्ये बोस्टनमध्येच एक छोटी चिप तयार झाली. टेमोझोलोमाइडनं केलेलं नुकसान गाठीच्या काही पेशी दुरुस्त करून घेतात. त्या दुरुस्तीच्या सूचना या चिपनं रुग्णाच्या रक्तातल्या पुड्यांतून मोजल्या, म्हणजे गोळी लागू पडतेय की नाही याचा अंदाज घेता येईल. 2019 मध्ये इटलीतल्या अभ्यासात दिसलं, की ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांच्या रक्तात पुड्यांची संख्या जास्त असते, गाठ काढल्यावर ती उतरते आणि गाठ उलटली की पुन्हा चढते.

हे सगळं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. तुकडा तर शस्त्रक्रियेत मिळतोच. त्याचं उत्तर मला भाईजानच्या दुखण्यात मिळालं.

शस्त्रक्रिया झाली, तीस दिवसांचा शेक झाला, गोळ्या झाल्या. त्यानंतर एमआरआय काढला, तर त्यात गाठ वाढलेली दिसली. भाभी तिथंच खाली बसल्या. डॉक्टर म्हणाले, ‘घाबरू नका, ही गाठ असेलच असं नाही.’ रेडिएशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्या उपचाराचीच सूज कधी कधी फोटोत हुबेहूब गाठीसारखी दिसते. खरी वाढ असेल तर उपचार बदलायला हवा. सूज असेल तर चालू उपचार सोडणं चुकीचं. दोन्हींतलं नक्की काय, हे ठरवायला पुन्हा कवटी उघडणं किंवा वाट पाहणं, एवढेच मार्ग. आम्ही सात आठवडे वाट पाहिली. त्या सात आठवड्यांत आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

रक्ताची बाटलीभर नव्हे, चमचाभर तपासणी त्या वेळी हाताशी असती तर ते सात आठवडे वाचले असते. म्हणून हे संशोधन महत्त्वाचं. कवटी दर महिन्याला उघडता येत नाही, रक्त काढता येतं. काहींची गाठ इतकी खोल असते की तिथं सुईसुद्धा नेणं धोक्याचं. शिवाय एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत दोन स्वभाव असू शकतात. काढलेला तुकडा एकाच कोपऱ्याची गोष्ट सांगतो, रद्दी मात्र सगळ्या घराची येते.

मग हे आजच का होत नाही? कारण थेंबभर रक्तात अशा पुड्या कोट्यवधी असतात आणि त्यांतल्या बहुतेक रक्तपेशींच्याच. गाठीतून आलेल्या मोजक्याच. सोलापूरभरच्या रद्दीतून एका घरातलं एक पोस्टकार्ड शोधायचं, असं ते काम आहे. प्रत्येक प्रयोगशाळेची पुड्या वेचण्याची रीत वेगळी, त्यामुळे एकीचा निकाल दुसरीशी जुळेलच असं नाही. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2014, 2018 आणि 2023 अशी तीन वेळा नियमावली केली, ती याचसाठी. मेंदूच्या गाठीचं निदान केवळ या पुड्यांवरून करणारी तपासणी आजही रोजच्या वापरात आलेली नाही.

या पुड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. टपाल चांगल्या माणसाचं असतं तसं दरोडेखोराचंही असतं. गाठ आपल्या पुड्या शेजारच्या पेशींना पाठवते आणि त्यांना आपल्या कामाला लावते. नव्या रक्तवाहिन्या उभारायला सांगते, म्हणजे गाठीला रसद मिळेल. 2018 मध्ये असंही दिसलं, की या गाठीच्या पुड्यांच्या आवरणावर एक प्रथिन असतं. ते आपल्या लढाऊ पेशींना लागलं की त्या थंड पडतात.

म्हणून उपचाराचा विचार दोन अंगांनी चालला आहे. एक, गाठीची ही टपालसेवा बंद पाडायची. दोन, आपलं औषध अशाच पुडीत बांधून मेंदूत पाठवायचं. 2011 मध्ये ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी उंदराच्या पेशींच्या पुड्या घेतल्या, त्यांच्यावर मेंदूचा पत्ता घातला, आत एक जनुक गप्प करणारा आरएनए भरला आणि शिरेतून टोचल्या. माल मेंदूत पोचला. तो प्रयोग गाठीसाठी नव्हता, पण वाट दिसली. 2013 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला मूळपेशींच्या पुड्यांत गाठ आवरणारा आरएनए भरून तो उंदरांच्या मेंदूतल्या गाठीत सोडला, तेव्हा गाठीची वाढ कमी झाली. इथं ‘उंदीर’ हा शब्द कृपा करून ऐका. मी तो पहिल्यांदा नीट ऐकला नव्हता.

सात आठवड्यांनंतरच्या फोटोत सूज ओसरलेली दिसली. आम्ही शिरखुर्मा केला. पण काही महिन्यांनी गाठ खरोखरच उलटली. त्याच सुमारास माझा पुतण्या एक रंगीत पत्रक घेऊन आला. एका खासगी दवाखान्याचं. ‘एक्सोसोम थेरपी’. कॅन्सर, लकवा, गुडघे, केस गळणं, सगळ्यांवर तेच इंजेक्शन. सहा इंजेक्शनांचे चार लाख. पुतण्या म्हणाला, ‘चाचा, दुकान विकू या. तुम्ही वाचलेले आहात, तुम्हीच सांगा.’

घरात शिकलेला मी एकटा. मीच सगळ्यांना पुड्यांच्या गोष्टी सांगितलेल्या. ऑक्सफर्ड आणि बोस्टन माझ्याच तोंडून त्यांनी ऐकलेलं. त्या रात्री मला ‘हो’ म्हणायचं होतं. आपला माणूस समोर चाललेला असताना ‘नको’ म्हणणारा दुष्ट ठरतो, आणि चार लाखांत आपण दुष्ट ठरत नसू तर ते स्वस्तच वाटतात.

सकाळी मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला तीनच प्रश्न विचारायला सांगितले. हे कुणाच्या पेशींपासून काढलंय? या आजारासाठी त्याला सरकारी मान्यता आहे का? आणि माणसांवर झालेल्या चाचणीचे आकडे कुठं छापून आलेत? मी दवाखान्यात जाऊन विचारले. एकाचंही उत्तर मिळालं नाही. चहा मात्र मिळाला. डॉक्टरांनी हेही सांगितलं, की डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एक्सोसोमच्या नावानं विकल्या जाणाऱ्या, मान्यता नसलेल्या औषधांबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण नेब्रास्का राज्यात ती घेतलेल्या काही रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. आणि मेंदूच्या गाठीवर मान्यता मिळालेलं एक्सोसोमचं एकही औषध आजपर्यंत नाही. ज्या पुड्यांतून गाठ स्वतः वाढते, तशाच कुठल्या तरी पुड्या, आत काय आहे ते माहीत नसताना टोचून घ्यायच्या?

मी पुतण्याला ‘नको’ म्हटलं. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. भाईजान 2023 च्या हिवाळ्यात गेले. आजाराचा पहिला झटका आल्यापासून साधारण पंधरा महिने. त्या इंजेक्शनांनी ते वाचले नसते हे मला माहीत आहे, पुतण्यालाही आता माहीत आहे. तरी ईदला गळाभेट घेताना तो क्षणभर थांबतो, ते मला कळतं. त्याची तक्रार नाही. दुकान तोच चालवतो.

श्रोतेहो, सकाळी उठताना डोकं दुखून उलटी होत असेल, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच झटका आला असेल, किंवा रोजचे शब्द सापडेनासे झाले असतील, तर आमच्यासारखं पित्तावर आणि चष्म्यावर घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी एक्सोसोम विकायला आला तर ते तीन प्रश्न विचारा.

शेवटी एक सांगतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णालयानं एक फॉर्म दिला होता. काढलेल्या गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवून घ्यायला संमती आहे का, असा. भाईजाननं मला तो वाचून दाखवायला लावला. मी म्हटलं, ‘तुमच्या डोक्यातून काढलेलं फेकून न देता ते लोक जपून ठेवणार, पुढे तपासणार.’

‘पैसे द्यावे लागतील?’

‘नाही.’

‘मग घेऊ दे. आपण लोकांची रद्दी घेतली आयुष्यभर. आपली कुणीतरी घेतंय.’

त्यांनी उजव्या हातानं सही करायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा डाव्या हाताचा अंगठा दिला. सातवी शिकलेल्या माणसाचा तो पहिला अंगठा. तो तुकडा आणि रक्ताची ती छोटी नळी अजून तिथल्या शीतपेटीत असेल. कुणीतरी ती उघडून वाचेल, अशी आशा आहे.